पाच खरी वाक्यं

बीबी, ता. लोणार
१२ मार्च २०२५

ती. किसनमामा,
सप्रेम जय भीम.

पत्र हातात आल्यावर तुम्ही आधी तारीख बघाल, मग शुद्धलेखन, आणि सगळ्यात शेवटी भाची कशी आहे ते. मी बरी आहे.

मामा, मी परदेशातल्या नर्सच्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं आहे. १४ जूनला पुण्यात आहे. ऐकणं, वाचणं, बोलणं जमेल असं वाटतं. मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टर लोकांचं इंग्रजी रोज कानावर पडतं. पण लिहिण्याचा पेपर वेगळा असतो आणि त्यात पत्रच लिहायचं असतं. एका पेशंटची हकिगत दुसऱ्या दवाखान्याला कळवायची. आता पत्र म्हटल्यावर मी दुसऱ्या कोणाकडे जाऊ? माझ्या लग्नाच्या पत्रिकेत लाल शाईनं चुका काढून ती छापखान्यात परत पाठवणारा मामा मलाच मिळाला आहे. फोन केला असता, पण तुमचं कानाचं मशीन फोनला लागलं की शिट्टी मारतं, आणि मग तुम्ही माझ्यावरच ओरडता.

घरचं सांगायचं तर प्रसेनजित हो म्हणाले आहेत. डेपोतल्या दुसऱ्या कंडक्टरांना सांगतसुद्धा फिरतात. सासूबाई म्हणतात, "इथले दवाखाने संपले व्हय?" आईला फोनवर सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि शेजारच्या म्हशीचं सांगत बसली.

माझ्या शंका अशा. 'सिन्स' कुठं आणि 'फॉर' कुठं? 'द' कधी लावायचा? मी तर जिथं वाक्य उघडं वाटेल तिथं लावून देते. आणि 'हॅविंग' लिहिलं की तुम्ही चिडता हे आठवतं, पण काऊन चिडता ते आठवत नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे स्वतःची वाक्यं देते आहे.
आय ॲम वर्किंग इन हॉस्पिटल सिन्स टू इयर्स.
आय ॲम हॅविंग वन हजबंड.
माय मदर-इन-लॉ डोन्ट लाइक नाइट ड्यूटी.

तुमची भाची,
मंजुश्री


धामणगाव बढे, ता. मोताळा
१९ मार्च २०२५

चि. मंजू,
जय भीम.

तुझं पत्र लाल शाई करून परत पाठवतो आहे. घाबरू नको, रक्त नाही ते.

नवरा एकच आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. पण बाई, 'हॅविंग' आपण चहाचं करतो, जेवणाचं करतो. तुझ्या वाक्यात तू प्रसेनजितला ताटात घेऊन बसली आहेस. 'आय हॅव अ हजबंड' म्हण आणि त्याला सोड.

सिन्स आणि फॉर तू तापावरून लक्षात ठेव. सोमवारपासून ताप आहे, तर सिन्स. तीन दिवस ताप आहे, तर फॉर. तू दोन वर्षं काम करते आहेस, म्हणजे 'हॅव बीन वर्किंग' आणि पुढे फॉर. 'द' चं म्हणशील तर दारात पाव्हणा येतो तसं समज. पहिल्यांदा आला तेव्हा 'एक पाव्हणा आला' म्हणतो, तो 'अ'. चहा पिऊन गेला आणि संध्याकाळी परत आला, तर 'तो पाव्हणा आला बाप्पा पुन्हा' म्हणतो, तो 'द'. आणि सासूबाईला 'डझन्ट' लागतं. एकट्या बाईला 'डोन्ट' देऊ नये.

आता नियम सांगतो, विसरली असशील. दर पत्रात पाच वाक्यं. तू तीन दिलीस, तिथंच मार्क गेले. आणि पाचही खरी पाहिजेत. माझ्या वर्गात राम कधी शाळेत गेला नाही आणि सूर्य कधी पूर्वेला उगवला नाही. पोरं जन्मभर ती वाक्यं घोकतात आणि बसस्टँडवर कोणी इंग्रजीत रस्ता विचारला की पळून जातात. खरं लिहायला गेलं की माणूस अडकतो. शब्द सापडत नाही, जीव वरखाली होतो, आणि मग जे सापडतं ते विसरत नाही. मीही दर पत्रात खाली एक वाक्य लिहीन. मास्तरले सूट नाही.

तुझी आई आत चुलीशी आहे. माझी पत्रं पोस्टात टाकायला तीच जाते. काल म्हणे, "एवढं काय लिहून राह्यला दादा पोरीले?" मी म्हटलं, तिले विलायतेले धाडून राह्यलो. बोलता बोलता पोळी करपवली तिनं.

माझं वाक्य: माय सिस्टर बर्न्ट द चपाती.

तुझा मामा,
किसन


बीबी
२७ एप्रिल २०२५

ती. मामा,
जय भीम.

मधल्या दोन पत्रांची लाल शाई मिळाली. ती वाचून काढली. पण आज त्याबद्दल नाही लिहीत. मामा, माझा पासपोर्ट सापडत नाही.

नीट सांगते. जयंतीला आई आली होती ते तुम्हाला माहीत आहेच. चांगली दहा दिवस राहिली. सासूबाई आणि ती, दोघी पांढऱ्या साड्या नेसून मिरवणुकीत पुढे चालल्या. आईनं घर लखलख करून ठेवलं. डबे घासले, माझं कपाट लावून दिलं, गोधड्या धुतल्या. २४ ला गेली. काल परीक्षेवाल्यांचा मेल आला म्हणून मी फाइल काढली. सर्टिफिकेटं आहेत, मार्कशीट आहेत, पासपोर्टचं पाकीट आहे. आत पासपोर्ट नाही. मी घर उलटंपालटं केलं. गाद्यांच्या खोळी उसवून बघितल्या.

परीक्षेला तोच दाखवावा लागतो, दुसरं कार्ड चालत नाही. अर्जात त्याचाच नंबर आहे. नवा काढायचा तर आधी पोलिसात हरवल्याची नोंद, मग तपासणी, मग वाट बघा. १४ जूनच्या आत मिळेल असं कोणीच सांगत नाही. ही तारीख गेली तर ज्या दवाखान्यानं मला बोलावलं आहे ते दुसरीला बोलावतील. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे.

कपाटाची किल्ली बुद्धमूर्तीच्या मागं असते. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. मिरवणुकीच्या दिवशी सासूबाई बायकांत म्हणाल्या होत्या, "सून विमानाची वाट बघतीय, मी मरणाची." तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, मीही हसले होते. प्रसेनजित "शोधू" म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. एवढंच म्हणाले. मला झोप नाही मामा.

'आय लॉस्ट' लिहायचं की 'आय हॅव लॉस्ट'? आणि कोणीतरी घेतला असेल, असा अंदाज लिहायचा असेल तर कसा लिहायचा?

आय लॉस्ट माय पासपोर्ट. इट वॉज इन द कबर्ड. ऑल द पेपर्स आर देअर. नोबडी इज टॉकिंग अबाउट इट. आय कॅनॉट स्लीप.

मंजू


धामणगाव बढे
१ मे २०२५

चि. मंजू,

'हॅव लॉस्ट' लिही. हरवला आणि अजून हरवलेलाच आहे, ही टोचणी त्यात आहे.

अंदाजाचं विचारलंस. नुसती शंका असेल तर 'मे हॅव' आणि खात्री असेल तर 'मस्ट हॅव'. तू शंकेत आहेस म्हणून विचारते आहेस. मी शंकेत नाही. पासपोर्टला पाय नसतात. फाइल जागेवर, पाकीट जागेवर आणि तेवढाच गेला, म्हणजे ज्याला तू जायला नको आहेस त्यानं नेला. अशी माणसं त्या घरात किती आहेत ते तूच बघ. एक तोंडानं बोलते आणि दुसरा 'शोधू' म्हणून निघून जातो.

तुझ्या सासूची लोखंडी पेटी आहे ना पलंगाखाली, कुलूपवाली? लग्नात मी पाहिली आहे. ती उघडायला लाव. लाजू नको. दिवस थोडे आहेत, लाजायला नंतर जन्म पडला आहे. माझ्या बहिणीनं नवऱ्यामागं शिवणयंत्र चालवून तुला नर्स केलं, ते कोणाच्या पेटीत कुलूपबंद व्हायला नाही.

सिंधूला मी सांगितलं, मंजूचा पासपोर्ट गेला म्हणून. ताट हातात होतं, तशीच खाली बसली. तेव्हापासून धड जेवत नाही, विचारलं तर डोळ्याला पदर लावते. आईचं काळीज आहे. तुझ्या सासरच्यांवर मला संशय आहे हे तिला सांगितलेलं नाही, उगाच जीव घाबरा होईल. 

आजचं माझं वाक्य: युअर मदर-इन-लॉ मस्ट हॅव टेकन इट.

किसनमामा


बीबी
८ मे २०२५

ती. मामा,
जय भीम.

पत्र मिळालं. मी ठीक आहे. शंका काही नाही.

राम इज अ गुड बॉय. द सन राइजेस इन द ईस्ट. द काऊ गिव्हज मिल्क. सीता सिंग्ज अ साँग. धिस इज अ पेन.

मंजुश्री


धामणगाव बढे
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

श्री. प्रसेनजितराव यांस,
जय भीम.

आज पौर्णिमा आहे, विहारातून आत्ताच आलो. राग आणू नये असं भंतेजींनी सांगितलं. मला तो आलेला आहे.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे मी. माझ्या भाचीला खोटी वाक्यं लिहायची बंदी आहे आणि तिनं ती आजवर पाळली. परवा तिचं पत्र आलं. त्यात राम आहे, गाय आहे, सूर्य आहे. ती पोरगी हे आपणहून लिहिणार नाही. तिच्या खांद्यावरून कोणी वाचत असेल तरच लिहील. तिचा फोन लावला तर बंद. शेजारच्या पोराकडून लावून घेतला, तरी बंद.

तुम्ही शिकलेले आहात, सरकारी नोकरीत आहात. बायकोला कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायचं का? तिचा पासपोर्ट आठ दिवसांत तिच्या हातात पडला पाहिजे. तो तुमच्या आईनं घेतला की तुम्ही, हे मला ऐकायचं नाही. नाहीतर मी चार माणसं घेऊन बीबीला येतो, आणि येताना लोणारला ठाण्यात जाऊन येतो. माझे कान गेलेत, पाय शाबूत आहेत.

किसनराव


बीबी
१७ मे २०२५

ती. मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही. रोज तिकिटं फाडतो तेवढाच कागदाशी संबंध. चुकलं तर लाल शाई करा.

मंजू कोंडलेली नाही. ती मेहकरला दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहायला गेली आहे, ५ तारखेपासून. माझा फोन उचलला नाही. आईचा उचलला नाही, आता तर बंदच ठेवते. माझी गाडी मेहकरला गेली की मी डबा खाली वॉचमनकडे ठेवतो. संध्याकाळी तो रिकामा मिळतो, धुतलेला. त्यावरून ती जेवली हे कळतं. तुम्हाला आलेलं पत्र, वर बीबी लिहिलेलं असलं तरी, तिनं तिथूनच टाकलं असेल. खांद्यावर कोणी नव्हतं.

काय झालं ते तुम्हाला कळलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. तुमचं १ तारखेचं पत्र आल्यावर दोन दिवस ती तेच उघडून बसत होती. तिसऱ्या दिवशी बचत गटाच्या बायका घरी आल्या होत्या. त्यांच्यासमोर तिनं आईला पेटी उघडायला लावली. आई आधी नाही म्हणाली. नाही म्हणाली म्हणून मंजूचा संशय वाढला आणि आवाजही वाढला. शेवटी आईनं कमरेची किल्ली काढून तिच्यापुढं टाकली. पेटीत माझ्या वडिलांचं धोतर होतं, दवाखान्याचे कागद होते, आणि खाली एक नवा स्वेटर होता. जाड, मरून रंगाचा, मंजूच्या मापाचा. हिवाळ्यात मेहकरच्या बाजारातून आईनं गुपचूप आणून ठेवला होता. तिकडं थंडी फार असते असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. जायच्या दिवशी द्यायचा होता, म्हणून ती पेटी उघडू देत नव्हती.

मंजू तो हातात घेऊन उभी राहिली. बायका निघून गेल्या. गावभर झालं. आई तिला एक शब्दही बोलली नाही, ते जास्त वाईट झालं. रात्री मंजू बॅग भरून गेली. मला म्हणाली, "मला तुमच्याकडं बघवत नाही." तुम्हाला तिनं राम आणि गाय लिहिली ती भीतीनं नाही मामा. खरं लिहायला गेली असती तर पेटीचं लिहावं लागलं असतं.

तुमचं पत्र तिच्या उशीखाली राहिलं होतं. मी वाचलं. शेवटचं वाक्य मला एवढंच कळलं की त्यात माझी आई आहे. डेपोतल्या एकाला विचारून अर्थ घेतला. तुमचा नियम मंजूनं मला सांगितला आहे, की मास्तरलाही सूट नाही. मग ते वाक्य खरं होतं का मामा?

माझंही एक खरं लिहितो. ती जाणार म्हणून मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. हो म्हणालो तेव्हाही वाटत होती. पण पासपोर्ट मी घेतला नाही. पोलिसात हरवल्याची नोंद मीच केली, पावती सोबत आहे. नव्याच्या अर्जावर तिची सही पाहिजे आणि ती खाली येत नाही.

तुम्ही चार माणसं घेऊन या. आई तुम्हाला जेवू घालेल. पण त्याआधी मंजूला लिहा. ती तुमचंच ऐकते, ते आम्ही पाहिलंच.

आपला,
प्रसेनजित


धामणगाव बढे
२१ मे २०२५

चि. मंजू,

हे पत्र पोस्टानं येत नाही, तुझी आई घेऊन येते आहे. सोबत तुझा पासपोर्ट आहे. आधी तो बघ, मग पुढचं वाच.

काल प्रसेनजितचं पत्र आलं. कान गेल्यापासून मी मनात वाचू शकत नाही, मोठ्यानं वाचतो, ते तुला माहीत आहे. ओसरीवर बसून वाचत होतो. पेटीपर्यंत आलो, स्वेटरपर्यंत आलो. मान वर केली तर सिंधू दारात उभी. "पुन्हा वाच" म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ती आत गेली. ज्वारीच्या कोठीचं झाकण पडल्याचा आवाज मलाही आला, म्हणजे बघ. बाहेर आली तेव्हा खांद्यापर्यंत हात भुशानं भरला होता आणि हातात प्लास्टिकची पिशवी होती. माझ्यापुढं ठेवली आणि खांबाला धरून बसली.

मंजू, मी ज्या खाटेवर बसून तुझ्या सासूला चोर ठरवत होतो, तिथून ती कोठी दिसते. बहीण जेवत नव्हती आणि मी म्हणत होतो, आईचं काळीज! तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, आणि घरात बाई वाळत चालली ते वाचता आलं नाही मला.

मी ओरडलो तिच्यावर. खूप ओरडलो, सगळी आळी गोळा झाली. ती एकच बोलली, "ते पत्र मीच टाकलं ना रे पोस्टात, मंजूच्या सासूवर, सोजराबाईवर आळ घेतलेलं?" मग माझ्याच्यानं ओरडवलं नाही.

तुला फोन लावला, बंद होता. पार्सल करतो म्हटलं तर ती पिशवी सोडेना. "मीच नेतो, मीच देतो" म्हणे. आज पहाटेच्या गाडीत बसवून दिली. ती आधी बीबीला जाणार आहे, तुझ्याकडे नंतर. ते तिनंच ठरवलं.

मी तुला जे वाक्य लिहिलं होतं ते खोटं होतं. ज्याची मला खात्री नव्हती ते मी 'मस्ट' लावून लिहिलं आणि तू मास्तरवर विश्वास ठेवला. प्रसेनजितला वेगळं पत्र लिहिलं आहे. सोजराबाईला कागदावर काय लिहू? तिच्यासमोर जाऊनच उभा राहीन.

आजचं वाक्य: आय वॉज राँग. याच्यात व्याकरणाची चूक नाही.

अभ्यास सोडला असशील तर आजपासून धर.

किसनमामा


(सोबतचा कागद)

मंजे,

दादा म्हणते तुमच्या पत्रात पाच वाक्य लिहा लागते अन् खोटं चालत नाही. मले इंग्रजी येत नाही. मी आपल्या बोलीत लिहितो. तोंडानं मले सांगता येनार नाही, म्हनून हे पहिले वाच.

पासपोर्ट मी घेतला. तुहं कपाट लावता लावता हाती लागला अन् मी पोटाशी धरला, मंग मले तो ठेवताच नाही आला.

मले वाटलं ही परीक्षा दहावीसारखी असन. तू गनितात राह्यली होती तं ऑक्टोबरले बसली अन् पास झाली. मले वाटलं जूनले नाही तं ऑक्टोबरले बसशीन, तवर मले चार महिने भेटतीन. एवढाच विचार केला माय मी, त्याच्या पुढचा केलाच नाही. ते दुसरीले बोलावतीन हे मले कोनी सांगतलं नाही.

तू मेहकरले कामाले लागली तव्हापासून मी रोज बातम्याइत मेहकरचं हवामान पाह्यतो. ऊन जास्त असलं तं म्हनतो, पोरगी उन्हात बस पकडून राह्यली असन. तू जाशीन तिथलं हवामान आपल्या टीव्हीवर सांगत नाहीत, मी इचारलं होतं.

तुह्या सासूच्या पायाशी मी पहिले जानार आहो. तिनं स्वेटर घेतला अन् मी पासपोर्ट लपवला, अन् आई म्हनतेत मले.

पाचवं वाक्य मले लिहिता येऊन नाही राह्यलं. ते 'तू जाय' असं आहे. लिहिलं पाह्य.

तुही आई


पुणे
१५ जून २०२५

ती. मामा,
सप्रेम जय भीम.

परीक्षा झाली. कशी झाली ते निकाल सांगेल. लिहिण्याच्या पेपरात पत्र आलं ते ऐका. एक एकटी म्हातारी, पाय मोडलेला, दवाखान्यातून घरी सोडायची आहे. घरी तिच्याजवळ कोणी नाही. तिच्या गावच्या नर्सला कळवायचं होतं की हिच्याकडे लक्ष ठेवा. पहिल्या ओळीला माझा पेन अडकला. मग लिहिलं. सगळे 'द' जागेवर लावले.

पत्राला उशीर झाला. पण त्या दिवशीचं तुम्हाला आईनं नीट सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. आई बीबीला पोचली तेव्हा सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. आईनं पिशवी त्यांच्यापुढं ठेवली आणि पाया पडायला वाकली. सासूबाईंनी तिचे हात वरच्या वर धरले. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मलाबी वाटलं होतं लपवावा. तुम्हाला जमलं, मला जमलं नाही." मग दोघी रडल्या, आणि डाळ सांडली ती प्रसेनजितनी भरली. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं.

दुपारी दोघी त्यांच्याच गाडीनं मेहकरला आल्या. मला वॉर्डातून खाली बोलावलं. मी सासूबाईंकडे बघू शकत नव्हते. त्या म्हणाल्या, "चल घरी. पेटी उघडीच हाय, तवापासून कुलूप लावलं नाही." मामा, मी नर्स आहे, माणसं मरताना बघितली आहेत. पण भर रस्त्यात मी त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडले. तुमचंही एक जेवण बीबीला राहिलं आहे. माफी मागायला रिकाम्या हातानं येऊ नका, त्यांना धामणगावची मिरची आवडते.

आईनं पासपोर्ट मात्र त्या दिवशी मला दिलाच नाही! बघायला दिला आणि परत घेतला. म्हणाली, परीक्षेपर्यंत मी सांभाळतो. मी चिडले, प्रसेनजित हसले. शेवटी पुण्यालाही तीच आली सोबत, पिशवी पोलक्यात धरून. गाडीत रात्रभर झोपली नाही. सकाळी परीक्षेच्या इमारतीसमोर एवढी पोरं-पोरी, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट, आणि मी मोकळ्या हातानं उभी. शिपाई म्हणाला, मॅडम, पासपोर्ट दाखवा. मी आईकडे बघितलं.

वाक्यं देते आहे, पाचही खरी आहेत.

आय हॅव अ हजबंड. माय मदर-इन-लॉ बॉट मी अ स्वेटर. आय ओपन्ड हर बॉक्स अँड आय ॲम अशेम्ड. आय रोट द लेटर. ॲट द गेट, माय मदर गेव्ह मी माय पासपोर्ट विथ हर ओन हँड.

शेवटच्या वाक्यात 'विथ हर ओन हँड' इंग्रजीत लागत नसेल. तरी त्याला लाल शाई लावू नका.

तुमची भाची,
मंजू